हाफकिन : लस आणि आळ

रिसोडला आजी सांगायची, प्लेग आला की माणसं घरदार सोडून शेतात राहायची. उंदरावरची पिसू चावते, जंतू अंगात शिरतात आणि जांघेत, काखेत गाठ येते, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ओडेसात जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात जंतू वाढवले, तापवून मारले, लस केली. १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचली.

१९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला लसीनंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. आळ हाफकिनवर! नोकरी गेली. धनुर्वाताचे जंतू बाटली उघडताना शिरले असावेत, असं शास्त्रज्ञांनी दाखवलं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. प्लेगपेक्षा आळच जास्त चिवट निघाला, नाही का?