जीबीएस मधला 'जी'

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे पेशंट सापडू लागले. एकूण संशयित दोनशेच्या वर गेले आणि हे नाव आमच्या बीबी गावापर्यंत पोचलं. जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, हे सगळ्यांना पाठ झालं. पण हे गुलेन कोण?

हे नाव गियाँ असंही उच्चारतात. जॉर्ज गियाँ यांचा जन्म १८७६ चा, फ्रान्समधल्या रुआँ शहरातला. पॅरिसला ते मेंदू व मज्जातंतूंचे डॉक्टर झाले. पहिल्या महायुद्धात ते सैन्याच्या न्यूरोलॉजी केंद्रात होते. १९१६ मध्ये तिथे दोन सैनिक आले. हातापायातली शक्ती गेलेली, रिफ्लेक्स नाहीसे झालेले. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघांनी त्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. मेंदूज्वरासारख्या आजारात त्यात पेशी वाढतात. इथे प्रोटीन वाढलेलं, पेशी मात्र नॉर्मल! म्हणजे आजार वेगळा. आजही डॉक्टर हीच खूण शोधतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर मज्जातंतू म्हणजे वायर. इन्फेक्शननंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच वायरचं इन्सुलेशन कुरतडते, मग सिग्नल पोचत नाही. पण हे कारण पुढे कळलं.

ते दोन्ही सैनिक सुधारले, त्यामुळे हा आजार सौम्य आहे असं गियाँ मानत राहिले. प्रत्यक्षात श्वासाचे स्नायू बंद पडून जीवही जाऊ शकतो. थोर माणसाचाही अंदाज दोन केसवर चालत नाही, डेटा लागतो. १९६१ मध्ये ते वारले. प्लाझ्मा बदलण्याचा उपाय १९८५ मध्ये आणि इम्युनोग्लोब्युलिनचा १९९२ मध्ये मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला. ते त्यांना बघायला मिळालं नाही.

एक गोष्ट मला खटकते. रिफ्लेक्सचे ग्राफ काढणारे स्ट्रोल १९२७ मध्ये आजाराला नाव पडताना गळाले. लांद्री यांनी १८५९ मध्येच असा पॅरालिसिस लिहून ठेवला होता, तेही मागे पडले. इंजिनीअरिंगवाल्यांना स्ट्रोल जवळचे वाटावेत. ग्रुप प्रोजेक्टमध्ये सर्किट जोडणाऱ्याचं नाव रिपोर्टवर राहतंच असं नाही!

आणि हो, पुण्याच्या साथीत दूषित पाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला होता. तेव्हा होस्टेलची टाकी वेळेवर धुतली जाते का, ते बघा. जुलाबानंतर पायात मुंग्या येऊन पाय लुळे पडू लागले, तर सबमिशन संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.