नकाशात जागा कोरी सोडणारा भूगोलतज्ज्ञ

विद्यार्थी मित्रहो, भूगोलाच्या परीक्षेत एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसले तर आपण काय करतो? पान कोरे सोडण्याची लाज वाटते, म्हणून काहीतरी लिहून ठेवतो. आज ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, त्याने नेमके उलटे केले. जे ठाऊक नाही ती जागा त्याने कोरी सोडली आणि त्यामुळेच त्याचे नाव भूगोलाच्या इतिहासात राहिले.

त्याचे नाव ज्याँ बातिस्त बूर्गिन्याँ दांव्हील. जन्म पॅरिस शहरात, ११ जुलै १६९७ रोजी. लहानपणापासून त्याला नकाशांचे विलक्षण वेड. शाळेत प्राचीन ग्रंथ वाचताना त्यातील गावे, नद्या, डोंगर कोठे असतील हे तो कागदावर काढून पाही. पंधराव्या वर्षी त्याने प्राचीन ग्रीसचा नकाशा तयार केला. वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच तो फ्रान्सच्या राजाचा भूगोलतज्ज्ञ झाला.

आश्चर्याची गोष्ट ही, की साऱ्या जगाचे नकाशे काढणारा हा माणूस पॅरिस सोडून फारसा कोठे गेलाच नाही. प्रकृती नाजूक होती. पण रोज तासन्‌तास बैठक मारून काम करण्याची चिकाटी दांडगी होती. मग त्याला दूरदेशींचे ज्ञान मिळाले कसे? प्रवाशांच्या रोजनिशी, खलाशांच्या नोंदी, धर्मोपदेशकांची पत्रे, जुने ग्रंथ आणि नकाशे, जे मिळेल ते तो गोळा करी. पुढे हा संग्रह सुमारे दहा हजार नकाशांवर गेला. एक प्रवासी म्हणे, अमुक गाव चार दिवसांच्या वाटेवर आहे. दुसरा म्हणे, सहा. दांव्हील विचारी, हा घोड्यावर होता की पायी? वाट डोंगरातून होती की सपाटीवरून? त्याच्या देशात कोस केवढा? निरनिराळ्या देशांच्या अंतराच्या मापांवर त्याने १७६९ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या पद्धतीने त्याने काढलेल्या इटलीच्या नकाशात तो देश पूर्वीच्या नकाशांहून बराच लहान दिसू लागला. पुढे पोपच्या राज्यात प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा घरात बसलेल्या दांव्हीलचे म्हणणे खरे ठरले.

त्याची खरी कीर्ती झाली ती १७४९ साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेच्या नकाशामुळे. तोपर्यंत युरोपातील नकाशाकार आफ्रिकेचा अंतर्भाग कसा भरून काढीत? जेथे माहिती नाही तेथे हत्ती, सिंह, कल्पित सरोवरे, डोंगर आणि ऐकीव राज्यांची नावे. नकाशा भरगच्च आणि सुंदर दिसे. पण त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे कळण्यास मार्ग नव्हता. दांव्हीलने एकेका नावाला पुरावा विचारला. पुरावा नाही, ते नाव काढून टाकले. त्याच्या नकाशात किनाऱ्यालगत गावांची दाटी दिसते आणि मध्यभागी व दक्षिणेकडे मोठा भाग कोरा. हत्ती-सिंहांच्या चित्रांना सरावलेल्या गिऱ्हाइकाला असा रिकामा नकाशा देणे सोपे नव्हते. परंतु हीच पद्धत पुढच्या नकाशाकारांनी उचलली.

वाचकहो, या नकाशामागे दोन मुस्लिम विद्वानांचेही श्रम आहेत. पहिले अल्‌-इद्रिसी. सिसिली बेटावर राजा रॉजर याच्या दरबारी राहून, अनेक प्रवाशांची माहिती पारखून, त्यांनी ११५४ साली आपला भूगोलाचा ग्रंथ पुरा केला. त्याच्या संक्षिप्त आवृत्तीचे लॅटिन भाषांतर १६१९ साली पॅरिसमध्ये छापले गेले. दुसरे अल्‌-हसन अल्‌-वज्जान. त्यांचा जन्म ग्रॅनडाचा, शिक्षण फेज शहरात. युरोप त्यांना लिओ आफ्रिकानस या नावाने ओळखतो. त्यांचे आफ्रिकेचे वर्णन १५५० साली प्रसिद्ध झाले. दांव्हीलने हे दोन्ही ग्रंथ अभ्यासले. पण आंधळेपणाने स्वीकारले नाहीत. नायजर नदी पश्चिमेकडे वाहते, असे दोघांनीही लिहिले होते. नवी माहिती तपासून दांव्हीलने ती सेनेगल नदीहून वेगळी आणि पूर्वेकडे वाहणारी दाखवली. १७९६ साली मंगो पार्क हा प्रवासी तिच्या काठी पोहोचला आणि तिचा प्रवाह पूर्वेकडे जाताना त्याने डोळ्यांनी पाहिला. अर्थात दांव्हीलही चुकला. नाईलच्या उगमापाशी टॉलेमीच्या ग्रंथातील चंद्रपर्वत त्याने तसेच राहू दिले.

तीन वर्षांनी, १७५२ साली, त्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी आपल्या हिंदुस्थानचा नकाशा काढला. पुढे इंग्रजांचा भूगोलतज्ज्ञ जेम्स रेनेल याने हिंदुस्थानचा नकाशा केला, तेव्हा दांव्हीलच्या कामाची त्याने मनापासून वाखाणणी केली.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. हे नकाशे निव्वळ ज्ञानासाठी लागत होते काय? नाही. कंपनीला व्यापार हवा होता आणि राज्यही. आफ्रिकेचा किनारा युरोपीयांना इतका तपशीलवार माहीत होता, त्याचे एक कारण म्हणजे तेथून माणसे गुलाम म्हणून जहाजांत भरून नेली जात. आणि ज्या भागात दांव्हीलने कोरी जागा सोडली, तेथे काय ओसाड रान होते? त्या काळी तेथे बुगांडा, रवांडा, लुंडा यांसारखी राज्ये नांदत होती. दांव्हीलच्या कोऱ्या जागेचा अर्थ एवढाच होता, की आम्हांला ठाऊक नाही. पुढच्या पिढ्यांतील सत्तालोभी लोकांनी मात्र त्याचा अर्थ लावला, की तेथे कोणी नाही. १८८४-८५ साली बर्लिन येथे युरोपातील सत्तांनी आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवले. त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही राजा नव्हता.

१७७३ साली दांव्हील राजाचा प्रथम भूगोलतज्ज्ञ झाला. त्याचा नकाशांचा संग्रह राजाने विकत घेतला. आज तो फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अखेरच्या दिवसांत त्याची बुद्धी आणि स्मृती थकली होती. २८ जानेवारी १७८२ रोजी पॅरिस येथेच त्याचे निधन झाले.

मित्रहो, या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जे येत नाही ते येत नाही असे म्हणण्यास लाजू नका. ती कोरी जागा वहीत तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारा. आणि पालकहो, मुलाने मला माहीत नाही असे म्हटले तर रागावू नका. त्याच्याबरोबर उत्तर शोधायला बसा. दुसरी गोष्ट, ज्या लोकांविषयी, ज्या वस्तीविषयी आपल्याला काही ठाऊक नाही, तेथे काहीच नाही असे कधी समजू नका. तसेच आपल्या गावाची, आपल्या वाडवडिलांची हकीकत आपणच लिहून ठेवा. ती आपण लिहिली नाही, तर ती जागा कोरीच राहील, आणि तिचा अर्थ मग दुसरे लावतील.