बडतर्फीनंतरचे दोनशे रुपये

तीसएक वर्षे बँकेत काढली असल्यामुळे चार्जशीट, खातेनिहाय चौकशी, निर्वाह भत्ता, बडतर्फी हे शब्द मला नवे नाहीत. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल येतो, वरचा साहेब आदेशावर सही करतो आणि फाईल कपाटात जाते. कचेरीच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपते. त्या माणसाच्या घरी मात्र ते त्याच संध्याकाळी सुरू होते. शेजाऱ्यांना काय सांगायचे, मुलीच्या सासरी कसे कळवायचे, घरभाडे कशातून द्यायचे? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, नव्या नोकरीच्या अर्जात आधीची नोकरी का सुटली, या रकान्यात काय लिहायचे?

आपल्या सरकारी नियमांत ‘सेवेतून काढणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ अशा दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीत पुन्हा सरकारी नोकरी मिळण्याची वाट निदान कागदावर तरी उघडी राहते. दुसरीत ती सहसा बंद होते. बाहेरच्या जगाला हा फरक ठाऊक नसतो. लोकांच्या लेखी काढलेला तो काढलेलाच. अशी काही घरे मी जवळून पाहिली आणि दर वेळी मला सुरेंद्रनाथ बॅनर्जी आठवले.

शाळेच्या इतिहासात सुरेंद्रनाथ आपल्याला भेटतात ते काँग्रेसचे दोन वेळचे अध्यक्ष म्हणून. त्यांतले १८९५ चे अधिवेशन तर आपल्या पुण्यातच भरले होते. वंगभंगाच्या चळवळीतले पुढारी आणि इंग्रजीवर हुकमत असलेले वक्ते म्हणूनही त्यांची ओळख असते. त्यांना सरकारी नोकरीतून काढून टाकले होते, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. मला त्या एका ओळीत रस आहे. वयाच्या पंचविशीत ज्याच्या नावावर बडतर्फीचा शिक्का बसला त्याला पुढचे काम मिळाले कसे, आणि ते त्याने केले कसे?

सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ रोजी कलकत्त्यात झाला. वडील दुर्गाचरण नावाजलेले डॉक्टर होते. १८६८ साली पदवी घेऊन सुरेंद्रनाथ विलायतेला गेले, बरोबर रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त होते. पुढच्याच वर्षी तिघेही आय. सी. एस.ची स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच यादीत आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूरही होते. सत्येंद्रनाथ टागोरांपर्यंत या नोकरीत एकही हिंदी माणूस नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या यशाचे मोल कळेल.

पण पहिला अडथळा लगेच आला. मॅट्रिकच्या वेळी सुरेंद्रनाथांनी आपल्याकडच्या रीतीने चालू वर्ष धरून वय लिहिले होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते पूर्ण झालेले वय समजून हिशेब केला. त्या हिशेबाने परीक्षेच्या वेळी ते २१ वर्षांच्या मर्यादेबाहेर जात होते. सुरेंद्रनाथ आणि ठाकूर या दोघांची नावे यादीतून काढण्यात आली. सुरेंद्रनाथ लंडनच्या क्वीन्स बेंचपुढे गेले आणि त्यांचे नाव परत यादीत आले. हे चालू असतानाच, १८७० मध्ये, इकडे वडील वारले. मुलगा जिंकल्याचे त्यांना कळलेच नाही.

१८७१ मध्ये अंतिम परीक्षा देऊन सुरेंद्रनाथ परत आले आणि सिल्हेट येथे असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. सिल्हेट आज बांगलादेशात आहे. वरिष्ठ होते सदरलँड नावाचे इंग्रज अधिकारी. सुरुवातीला साहेबांची मर्जी होती. खात्याच्या परीक्षेत आपण पास झालो, बरोबरचा इंग्रज नापास झाला आणि तेव्हापासून वारे फिरले, असे सुरेंद्रनाथांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. ही त्यांची बाजू झाली. ज्यावरून सारे बिनसले ते प्रकरण मात्र अगदीच किरकोळ होते.

युधिष्ठिर नावाच्या एका माणसावर नाव चोरल्याचा खटला होता. खटला लांबत चालला होता. आरोपी काही पळालेला नव्हता, तरी त्याचे नाव फरारी लोकांच्या यादीत घातले गेले आणि त्या हुकुमावर सुरेंद्रनाथांची सही होती. आरोप असा, की तुंबलेल्या खटल्यांची संख्या कमी दिसावी म्हणून त्यांनी हे जाणूनबुजून केले आणि विचारणा झाल्यावर खोटा खुलासा दिला. सुरेंद्रनाथांचे म्हणणे असे, की पेशकाराने नेहमीच्या कागदांच्या गठ्ठ्यात तो कागद ठेवला आणि आपण रोजच्या रिवाजाप्रमाणे सही केली.

बँकेत काम केलेल्या कोणालाही हे वाचून थोडे अस्वस्थ व्हायला होईल. ३१ मार्चच्या आसपास थकबाकीचे आकडे ‘नीट’ दिसावेत म्हणून शाखाशाखांतून काय धावपळ चालते, हे आम्ही पाहिलेले आहे. शिपाई चाळीस व्हाउचरांचा गठ्ठा पुढे ठेवतो, काउंटरवर गिऱ्हाइके ताटकळत असतात आणि पेन आपोआप चालते. सही करणारा जबाबदार असतो, याबद्दल वाद नाही. सुरेंद्रनाथांची चूक नव्हतीच, असे मी म्हणणार नाही. न वाचता केलेली सही ही चूकच. पण त्या चुकीला ताकीद पुरे होती की बदली, वेतनवाढ रोखणे पुरे होते की थेट कपाळमोक्ष, हा खरा प्रश्न होता. अननुभवी अधिकाऱ्याच्या पहिल्या दोन वर्षांतली ती चूक होती.

१८७३ मध्ये तीन इंग्रज अधिकाऱ्यांचे चौकशी मंडळ बसले. चौकशी कलकत्त्याला व्हावी, ही सुरेंद्रनाथांची विनंती अमान्य झाली. ती सिल्हेटलाच झाली. मंडळाने त्यांना दोषी ठरवले. दाद मागायला ते स्वखर्चाने लंडनला इंडिया ऑफिसच्या दारात गेले. तिथेही काही उपयोग झाला नाही. १८७४ साली बडतर्फी कायम झाली. मेहेरबानी म्हणून दरमहा ५० रुपये निर्वाहवेतन तेवढे ठेवण्यात आले.

पुढे त्यांनी जे केले ते आपल्यापैकी बहुतेकांनी केले असते. त्याच तोलामोलाचे दुसरे दार ठोठावले. आय. सी. एस. नाही तर बॅरिस्टर! मिडल टेंपलमध्ये त्यांनी टर्म्स भरल्या होत्या, सनद मिळाली की वकिली सुरू. पण जिथे चारित्र्याची चौकशी होते तिथे जुना आदेश आधी पोहोचलेला असतो. नोकरीतून बडतर्फ झालेल्या माणसाला सनद द्यायला मिडल टेंपलने नकार दिला. एका शिक्षेतून दुसरी शिक्षा निघाली. नोकरी गेलेल्या माणसाला हे दुसरे दार बंद होणे पहिल्यापेक्षा जास्त लागते, असे माझे निरीक्षण आहे. पहिल्या वेळी राग असतो, तो माणसाला उभा ठेवतो. दुसऱ्या वेळी राग संपलेला असतो आणि आपणच नालायक असू, अशी शंका मनात शिरते.

लंडनमधले ते वर्ष सुरेंद्रनाथांनी वाचनात घालवले. बर्क वाचला, मॅझिनी वाचला, इतिहासाची पुस्तके वाचली. हे वाचन पुढे आपल्याला भाकरी देईल, असे त्यांनाही तेव्हा वाटले नसावे. १८७५ च्या मध्यावर ते कलकत्त्याला परतले. वय सव्वीस, पदरी संसार, वडील हयात नाहीत, सरकारी नोकरी नाही, सनद नाही. हा माणूस आता संपला, असेच ओळखीच्यांना वाटत होते.

अशा वेळी त्यांना काम दिले ते पंडित ईश्वरचंद्र विद्यासागरांनी. विधवाविवाहासाठी झगडणारे ते हेच विद्यासागर. दुर्गाचरण डॉक्टरांशी त्यांचा जुना स्नेह होता. त्यांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी सुरेंद्रनाथांना इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून नेमले. पगार दरमहा २०० रुपये. मॅजिस्ट्रेटच्या पगारापेक्षा कमी, आणि मान तर कितीतरी कमी.

ओळखीने मिळालेली नोकरी, असे कोणी म्हणेल. ओळख होतीच. पण ओळखीचे लोकही अशा वेळी रस्ता बदलतात, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला विचारा. शिवाय मेट्रोपॉलिटन ही देशी माणसांनी, देशी पैशांवर चालवलेली संस्था होती. सरकारने ओवाळून टाकलेला माणूस मास्तर म्हणून नेमणे हे तिच्या चालकाला सोपे नसणार. विद्यासागर स्वतः १८५८ साली शिक्षणखात्याच्या वरिष्ठांशी न पटल्यामुळे संस्कृत कॉलेजच्या प्राचार्यपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले होते. चांगली सरकारी नोकरी सुटल्यावर माणसाचे काय होते, ते त्यांनी अनुभवले होते. त्यांनी चौकशीचा अहवाल नव्हे, तर समोरचा माणूस वाचला, असे मला वाटते.

विद्यासागरांनी दार उघडले. आत जाऊन काय करायचे ते सुरेंद्रनाथांनी ठरवले. दोनशे रुपयांचे हे काम त्यांनी बरे दिवस येईपर्यंत करायचे काम मानले नाही. दुसरे चांगले काही मिळेपर्यंत म्हणून पकडलेल्या नोकऱ्यांत माणसे वर्षानुवर्षे अर्धवट बसलेली मी पाहिली आहेत. शरीर नव्या खुर्चीत आणि मन जुन्या. सुरेंद्रनाथ पुरतेपणी मास्तर झाले. लंडनच्या त्या रिकाम्या वर्षात वाचलेला बर्क वर्गात आला, मॅझिनी विद्यार्थ्यांच्या सभांत आला. त्यांनी पुढे इतर महाविद्यालयांतही शिकवले. १८८२ मध्ये एक शाळा चालवायला घेतली. तिचे कॉलेज झाले आणि १८८४ साली त्याला लॉर्ड रिपनचे नाव मिळाले. शिकवण्याचे हे काम त्यांनी १८७५ पासून सुमारे ३७ वर्षे केले. एवढी वर्षे तर आय. सी. एस.मध्येही फार थोडे टिकत.

२६ जुलै १८७६ रोजी आनंदमोहन बोस आदी मित्रांबरोबर त्यांनी इंडियन असोसिएशनची स्थापना केली. त्याच दिवशी सकाळी त्यांचा मुलगा वारला होता, तरी संध्याकाळी ते सभेला गेले. त्याच सुमारास सरकारने आय. सी. एस.साठी कमाल वय २१ वरून १९ वर आणले. म्हणजे हिंदी मुलांना विलायतेला जाऊन ही परीक्षा देणे जवळजवळ अशक्य झाले. या निर्णयाविरुद्ध सुरेंद्रनाथांनी १८७७ मध्ये उत्तर हिंदुस्थानचा दौरा केला आणि त्यानंतर मुंबई, पुणे, मद्रासकडे आले.

ज्या नोकरीने त्यांना बाहेर फेकले त्याच नोकरीत आपली पोरे शिरावीत म्हणून हा माणूस गावोगाव भाषणे देत फिरला! मला गेलो की सगळ्यांनाच जाऊ दे, असे त्यांना वाटले नाही. कचेरीतून अपमानित होऊन बाहेर पडलेला माणूस उरलेले आयुष्य त्या कचेरीला शिव्या देण्यात घालवतो, त्यालाही कोणी दोष देऊ नये. दुखणे खरे असते. पण सुरेंद्रनाथांनी आपल्या दुखण्यातून दुसऱ्यांचे काम काढले. १८७९ पासून त्यांनी ‘बेंगॉली’ हे पत्र चालवले. १८८३ मध्ये एका इंग्रज न्यायाधीशावर केलेल्या टीकेबद्दल न्यायालयाच्या अवमानाची दोन महिन्यांची शिक्षा भोगली आणि बाहेर येऊन पुन्हा कामाला लागले. लोकांनी त्यांच्या नावावर इंग्रजीत कोटी करून त्यांना सरेंडर नॉट म्हणायला सुरुवात केली.

उत्तरायुष्याबद्दल दुमत आहे, तेही सांगितले पाहिजे. ते नेमस्त राहिले, असहकाराच्या चळवळीला त्यांनी विरोध केला. १९२१ मध्ये त्यांनी सर हा किताब घेतला आणि बंगालचे मंत्रिपदही स्वीकारले. त्यामुळे पुष्कळांची मने त्यांच्यावरून उतरली. १९२३ च्या निवडणुकीत डॉ. बिधानचंद्र रॉय या तरुण उमेदवाराने त्यांचा पराभव केला. पण स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य या खात्यांचे मंत्री असताना त्यांनी १९२३ चा कलकत्ता महापालिकेचा कायदा केला. एका नावचोरीच्या कागदावरून ज्याला लायक नाही म्हणून घरी पाठवले, त्याच्याच हाती सत्तेचाळीस वर्षांनी त्याच राजवटीने मंत्रालय सोपवले. १९२५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला बराकपूरला त्यांचे निधन झाले.

हे सांगून मी कोणाला खोटा दिलासा देऊ पाहत नाही. बडतर्फ झालेला प्रत्येक जण पुढारी होत नाही, व्हायचे कारणही नाही. बहुतेकांना हवी असते एक साधी नोकरी, महिन्याच्या महिन्याला घरी येणारा पगार आणि संध्याकाळी नजर वर करून कॉलनीत शिरता येणे. त्यांनी सुरेंद्रनाथांकडून एवढेच घ्यावे, की अपील करावे, जरूर करावे, पण अपिलावर आयुष्य टांगून ठेवू नये. आणि मिळेल ते काम पगाराच्या आकड्यावरून लहान ठरवू नये.

ही गोष्ट आपल्यापैकी ज्यांच्या हातात दुसऱ्याला काम देणे आहे, त्यांचीही आहे. कोणाची शाळा असते, कोणाचे दुकान, कोणाचा छोटा कारखाना, कोणी सोसायटीचा सेक्रेटरी असतो आणि हिशेबनीस शोधत असतो. अर्जातला तो एक रकाना वाचून कागद बाजूला सारणे सोपे असते. त्याऐवजी माणसाला बोलवावे, काय घडले ते त्याच्या तोंडून ऐकावे, चूक कितपत होती आणि शिक्षा कितपत झाली ते तोलावे. सगळ्यांनाच घ्यावे असे नाही. ज्याने खरोखर अफरातफर केली त्याच्या हाती पुन्हा तिजोरीच्या किल्ल्या देऊ नयेत, हे बँकेतला माणूस तुम्हाला निराळे काय सांगणार! पण ऐकून घ्यायला पैसे पडत नाहीत. कलकत्त्यात आज मेट्रोपॉलिटनला विद्यासागर कॉलेज म्हणतात आणि रिपन कॉलेजला सुरेंद्रनाथ कॉलेज. एकात बडतर्फ माणसाला काम मिळाले, दुसरे त्याने उभे केले.