काशीचा विणकर

नाशिक जिल्ह्यातील येवले हे गाव पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील विणकरांच्या आळीतून जाताना घराघरांतून मागांचा खटखटाट कानी पडतो. जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला असतो. पायांनी तो पावड्या दाबतो, धोटा या बाजूने त्या बाजूस सारतो आणि फणीने आडवा धागा ठोकून घट्ट बसवितो. पदरावर मोर किंवा वेल काढावयाची असली, म्हणजे निरनिराळ्या रंगांच्या रेशमाचे धागे बोटांनी एक एक करून उभ्या धाग्यांतून ओवावे लागतात. दिवसभर मान मोडून काम केले, तरी भरगच्च पदर बोटा-दोन बोटांनीच पुढे सरकतो. याच जिल्ह्यातील मालेगाव हे विणकरांचे दुसरे मोठे ठिकाण. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातील पुष्कळ मोमीन विणकर कुटुंबे पोटासाठी बिऱ्हाड उचलून तेथे आली आणि तेथलीच झाली. त्यांच्या हातमागांची जागा पुढे यंत्रमागांनी घेतली.

ही कुटुंबे ज्या मुलखातून आली, त्या मुलखातील काशी नगरीत पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी असाच एक विणकर राहत असे. त्याने विणलेल्या कापडाचा एक धागादेखील आज उरलेला नाही. त्याने गायिलेली पदे मात्र पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत लोकांच्या तोंडी आहेत. हे विणकर म्हणजे संत कबीर होत.

कबीरपंथाच्या परंपरेप्रमाणे कबीरांचा जन्म १३९८ साली झाला व मृत्यू १५१८ साली झाला. असे मानले तर त्यांचे आयुष्य १२० वर्षांचे ठरते. इतिहासाचे अभ्यासक एवढे मोठे आयुष्य मान्य करीत नाहीत. कबीर पंधराव्या शतकात होऊन गेले, याविषयी मात्र दुमत नाही. काशीजवळच्या लहरतारा नावाच्या तलावाच्या काठी नीरू व नीमा या विणकर जोडप्यास एक तान्हे मूल सापडले, त्यांनी ते पोटच्या पोराप्रमाणे वाढविले, अशी कथा सांगतात. मूल कोणाचे होते यावर पुढे लोकांनी पुष्कळ वाद घातला. खुद्द कबीर मात्र आपल्या पदांत स्वतःस जुलाहा, म्हणजे विणकर, असेच म्हणवितात, आणि त्यात त्यांना कधी संकोच वाटलेला दिसत नाही. जुलाह्यांना त्या काळी समाजात फारसा मान नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निःसंकोचपणाची किंमत कळते.

विणकराचे घर हाच त्याचा कारखाना असे. कापसाचे सूत कातावयाचे, लडी उलगडून कांड्या भरावयाच्या आणि मग ताणा घालावयाचा. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे, आणि बाणा म्हणजे त्यांतून आडवा जाणारा धागा. ताण्याचे शेकडो धागे गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून त्यांना खळ लावीत आणि कुंच्याने ती सारखी करीत. खळ वाळण्यापूर्वी पावसाची सर आली किंवा एखादे गुरू त्यातून घुसले, की सारी मेहनत वाया जाई. मागावर धोटा हातानेच फेकावा लागे. दोरी ओढताच पळणारा धोटा इंग्लंडात जॉन के याने काढला तो १७३३ साली. मध्येच उभा धागा तुटला, तर माग थांबवून तो शोधावयाचा, गाठ मारावयाची व पुन्हा आरंभ करावयाचा. या कामात घरातील म्हातारी माणसे व मुलेही गुंतलेली असत. कबीरांचे बालपण अशा घरात गेले. लिहिणे-वाचणे ते शिकले नव्हते, असे परंपरा सांगते. त्यांची शाळा म्हणजे तो माग व ती गल्ली.

पण ही गल्ली काशीची होती! गंगेच्या घाटांवर पंडितांचे वाद रंगत, मठांत योगी व संन्यासी उतरत, मशिदींतून अजानचा स्वर येई, सूफी फकीर गात गात दारावरून जात. मागावर बसलेल्या मुलाचे हात कामात असले तरी कान मोकळे असत. त्याला गुरू हवा होता. रामानंद हे काशीतील थोर वैष्णव आचार्य. विणकराच्या मुलास ते उपदेश देतील, ही आशा कमीच. म्हणून कबीर पहाटेच्या अंधारात पंचगंगा घाटाच्या पायरीवर जाऊन निजले. स्नानास निघालेल्या रामानंदांचा पाय त्यांना लागला, आचार्यांच्या मुखातून सहज रामनाम निघाले, आणि तोच गुरुमंत्र मानून कबीर घरी परतले, अशी आख्यायिका आहे. कबीरांचा राम मात्र मूर्तीत किंवा मंदिरात मावणारा नव्हता. तो सर्वत्र भरलेला, निराकार असा होता.

येथून कबीरांच्या आयुष्यातील खरी ओढाताण सुरू झाली. ती लोकांशी नव्हे, आपल्याच घरातील मागाशी होती.

हे आपणांस कशावरून कळते? कबीरांच्या नावावर आज असंख्य पदे व दोहे आहेत, आणि ते सर्वच त्यांचे नाहीत. परंतु १५८२ साली राजस्थानातील फतेहपूर येथे लिहिलेल्या एका हस्तलिखितात त्यांची काही पदे मिळतात. १६०४ साली शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात तर कबीरांच्या शेकडो रचना आहेत. या जुन्या पदांत घरातील भांडणे, उपासमार, तुटलेले धागे असे सारे काही आले आहे. देवाचे गाणे गाताना आपल्या घरची ददात इतक्या उघडपणे सांगणारे कवी थोडे.

एका पदात कबीरांची आई मुसमुसून रडत आहे. मुलाने ताणा घालणे व विणणे सोडून दिले, तो रामनामात बुडाला, आता ही पोरे जगावयाची कशी, असा तिचा विलाप आहे. कबीर तिला जे उत्तर देतात, ते विणकामाची माहिती असणाऱ्यालाच नीट उमजेल. नळीच्या बारीक छिद्रातून धागा ओवताना साऱ्या जगाचा विसर पडतो. नजर जरा ढळली की धागा चुकतो. कबीर म्हणतात की तेवढा वेळ आपणांस लाडक्या रामाचाही विसर पडतो, आणि तोच विरह आपणांस सोसत नाही. सर्वांचा पोशिंदा तो एक आहे, असा धीर ते आईला देतात. आईचे समाधान झाले की नाही, हे पद सांगत नाही. तिचे म्हणणे खोटे होते, असे कोण म्हणेल?

दुसऱ्या एका पदात घरातली लोई तक्रार करते. लोई ही कबीरांची पत्नी, असे लोककथा सांगतात. कबीरपंथी तिला शिष्या मानतात. कमाल व कमाली ही मुलेही कथांतून येतात. लोईची तक्रार अशी की, धागे तुटून पडले आहेत, खळ संपली आहे, कुंचे मोडले आहेत. घरात साधूंची मात्र रीघ लागलेली. त्यांना भाकरी मिळते, आणि घरच्यांना चणे खाऊन राहावे लागते; ते खाटेवर निजतात, आणि घरच्यांना गवताचे अंथरूण! कबीर साधूंचीच बाजू घेतात खरे. पण लोईचा एकही शब्द त्यांनी आपल्या पदातून गाळला नाही.

कबीर बाजारात कापड विकावयास गेले, त्या दिवसाची एक कथा ताहराबादच्या महिपतींसारख्या संतचरित्रकारांनी सांगितली आहे. महिपतींनी भक्तविजय हा ग्रंथ १७६२ साली पुरा केला, आणि त्यामुळे कबीर महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. बाजारात एका दरिद्री माणसाने अंग झाकण्यासाठी वस्त्र मागितले. हातातले सगळे कापड कबीरांनी त्याला देऊन टाकले. आता रित्या हाताने घरी जावे कसे, म्हणून ते लपून बसले. इकडे देवाने स्वतः धान्याच्या गोण्या त्यांच्या घरी पोहोचविल्या, असा कथेचा शेवट आहे. गोण्या कोणी आणल्या, हा श्रद्धेचा प्रश्न झाला. परंतु दान दिल्यावरही घरच्यांच्या भुकेची आठवण होऊन जो मनुष्य लपून बसतो, तो अगदी आपल्यातला वाटतो.

कबीर उपासाचे गोडवे गात नसत. एका पदात तर त्यांनी देवाकडे चक्क शिधा मागितला आहे. भुकेल्या पोटी भक्ती होत नाही, तेव्हा दोन शेर पीठ, पावशेर तूप, मीठ आणि अर्धा शेर डाळ मिळावी, म्हणजे दोन वेळांची सोय होईल. शिवाय चार पायांची खाट, उशी, गादी आणि पांघरावयास गोधडी. एवढेच त्यांचे मागणे आहे. हिशेब कसा चोख आहे! सूत मोजून घेणाऱ्या माणसाचाच तो हिशेब.

असे वाटते की येथवर माग व गाणे हे एकमेकांचे वैरीच होते. पण त्यांच्या पदांचा आणखी एक मेळ आहे, आणि त्यात निराळेच दृश्य दिसते. त्या पदांत देवच विणकर झालेला आहे. त्याने साऱ्या जगाचा ताणा घातला आहे. धरती व आकाश हा त्याचा माग आहे, आणि चंद्र व सूर्य हे त्या मागावरचे दोन धोटे इकडून तिकडे, तिकडून इकडे अखंड धावत आहेत. विणकाम करताना राम विसरतो म्हणून ज्याने धागा खाली ठेवला, त्यालाच राम सापडला तो मागावर बसलेला! मनुष्याचा देह हेही एक वस्त्र, श्वास हा त्यातला धागा, असे ते मग गाऊ लागले. जुन्या पंडितांना विश्वाची उपमा सुचे ती वृक्षाची, सागराची, चक्राची. कबीरांना ती शोधण्यासाठी ग्रंथ उघडावे लागले नाहीत की रानावनात भटकावे लागले नाही. आईने, लोईने ज्या मागासाठी अश्रू ढाळले, त्याच मागाने त्यांच्या हाती शब्द दिले. त्यांच्या बोलण्यातला ठोकाही पाहावा. वाक्ये लहान, घट्ट. फणीने ठोकून बसविल्यासारखी. भाषा बाजारातली, भाजीवाल्यासही कळावी अशी. पुढे १९१५ च्या सुमारास रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांची शंभर पदे इंग्रजीत आणली, तेव्हा सातासमुद्रांपलीकडील वाचकांनाही त्यांची गोडी लागली.

हातांनी काम करून गाणाऱ्यांची परंपरा कबीरांस ठाऊक होती. त्यांच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षे पंढरपुरात नामदेव शिंपी होऊन गेले. त्यांचे नाव कबीर आपल्या पदांत आदराने घेतात. एक कापड विणणारा, एक कापड शिवणारा!

अशा माणसाचे काशीतील मोठ्यांशी पटणे कठीणच होते. पंडितांचे सोवळे आणि काझींचा कर्मठपणा या दोहोंवर त्यांनी सारखेच कोरडे ओढले. दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदी याने त्यांना साखळदंडांनी बांधून गंगेत टाकविले, पण लाटांनी साखळ्या तुटल्या, अशी कथा आहे. सिकंदराची कारकीर्द १४८९ ते १५१७ अशी होती. कथेतील चमत्कार बाजूस ठेवला, तरी कबीरांचे शत्रू थोडे नव्हते हे तिच्यावरून कळते.

काशीत मरण आले की मोक्ष मिळतो, अशी त्या काळी समजूत होती, आणि मगहर या गावी मरणारा गाढवाच्या जन्मास जातो, असेही लोक म्हणत. दूरदूरचे वृद्ध शेवटचे दिवस कंठण्यासाठी काशीस येत. सारा जन्म काशीत काढलेले कबीर मात्र म्हातारपणी उठले, आणि काशी सोडून मगहरला जाऊन राहिले. काशीत मेल्यानेच जर मोक्ष मिळत असेल, तर मग रामाचे उपकार ते काय राहिले, असा त्यांचा सवाल होता. काशीपासून मगहर सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. त्या काळच्या वाटांनी, थकल्या शरीराने तेवढा प्रवास करणे सोपे नव्हते.

मगहर येथेच त्यांचा अंत झाला. देहाचे दहन करावे की दफन, यावरून हिंदू व मुसलमान शिष्यांत तंटा लागला. शेवटी देहावरची चादर उचलली, तो तिच्याखाली फुलांचा ढीग तेवढा होता, आणि दोघांनी ती फुले वाटून घेतली, असे सांगतात. मगहर आज उत्तर प्रदेशातील संत कबीर नगर या जिल्ह्यात आहे. तेथे आमी नदीच्या काठी कबीरांची समाधी आहे, आणि तिच्या शेजारीच त्यांची मजारही आहे.