आनंदीबाईंचं दहा दिवसांचं बाळ

मैत्रिणींनो, आनंदीबाई जोशी म्हटलं, की अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी बाई आपल्याला आठवते. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा असतो, वर्षातून एकदा फोटोला हार पडतो. माझं मन मात्र अलीकडे वेगळ्याच ठिकाणी अडकतं. त्यांच्या नवऱ्याजवळ, म्हणजे गोपाळरावांजवळ, आणि दहाच दिवस जगलेल्या त्या बाळाजवळ.

३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा वीसेक वर्षांनी मोठा, बिजवर, पोस्टात नोकरीला. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. त्या काळी बायकोनं पुस्तक हातात धरलं तर घरचे रागवायचे. इथे उलटी गंगा! अभ्यास सोडून चुलीपाशी रमली म्हणून हा नवरा चिडायचा, मारायचासुद्धा. पुढे अमेरिकेतून आनंदीबाईंनी त्या माराबद्दल नवऱ्यालाच पत्रात लिहिलं. मोठा विचित्र माणूस. पण बायकोच्या बाबतीत बेपर्वा म्हणावा, तर तसाही नाही.

आणि नेमकं इथेच मला थांबावंसं वाटतं. चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधोपचार मिळाला नाही. बायकांना दाखवायला बाई डॉक्टर नाही, पुरुष डॉक्टरापुढे जायची सोय नाही. सुईण आणि घरातल्या म्हाताऱ्या सांगतील तेवढंच. इतका सुधारक नवरा, पण चौदा वर्षांच्या पोरीला दिवस जाणं हीच पहिली धोक्याची खूण होती, आणि ती त्याच्याच घरात होती. अंगच पुरतं भरलेलं नसताना बाळंतपण आलं, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. हे आज आपण जाणतो. तरी आपल्या भागात अजूनही पोरगी एकटी मागं कुठं ठेवायची, म्हणून कारखान्याला जायच्या आधी तिचं लग्न उरकणारी घरं आहेतच.

आमच्या पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीची नवरात्र झाली, दिवाळी आली, की टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर. बाई अवघडलेली असली तरी जाते. फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, कोपीत राहते. तिथे सासू नसते, आई नसते, गावातली आशाताईही नसते. असतो तो फक्त नवरा. बाळंतपण हे बायकांचं काम म्हणून ज्याला घरात कायम ओट्यावर बसवलं, त्यालाच तिथे ठरवायचं असतं, आत्ता निघायचं की सकाळी बघू. खाडा पडेल, उचल फिटायची नाही, मुकादम काय म्हणेल, हे सगळं त्याच्या डोक्यात असतंच.

म्हणून त्याला काही गोष्टी तोंडपाठ हव्यात बघा. अंगावरून रक्त जाणं, थोडंसं का होईना. डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंड-हात सुजणं. ह्या डोकेदुखीवर झेंडू बाम चोळून भागत नाही, रक्तदाब वाढलेला असू शकतो, आणि पुढची पायरी झटक्याची असते. झटके आले की आपल्याकडे अंगात आलं म्हणतात आणि देवऋषी शोधतात. गेलेली वेळ मग परत येत नाही. पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणं. कळा नसताना पाणी जाणं. बारा तास कळा देऊनही सुटका न होणं. मूल झाल्यावर अर्ध्या तासात वार न पडणं किंवा रक्त न थांबणं. नंतरच्या दिवसांत ताप आणि घाण वास. आणि बाळाचं? दूध ओढत नाही, गार पडलंय, धाप लागलीय, तर तेही थांबायचं कारण नाही. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करायचा, उजाडायची वाट बघायची नाही.

आनंदीबाईंच्या वेळी फोन करायला काही नव्हतं. मूल गेल्यावर त्यांनी मनाशी धरलं, की आपण डॉक्टर व्हायचं. गोपाळरावांनी खटपट सुरू केली, अमेरिकेतल्या मिशनऱ्याला पत्र घातलं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचलं. काय योगायोग! पुढचं तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरला (आपलं नव्हे, बंगालातलं) त्यांनी भर सभेत आपण का जाणार ते सांगितलं. हिंदू बायकांना बाई डॉक्टरची किती गरज आहे, हाच त्यातला मुद्दा होता. एप्रिलात त्या नवऱ्याशिवाय बोटीनं निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, आणि प्रबंधाला विषय कोणता घेतला? आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! वाचताना मला दर वेळी ते दहा दिवसांचं बाळ दिसतं.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. पण थंडी आणि खाण्याचे हाल यांत तब्येत पार खचली होती. क्षयानं घेरलं होतं. कोल्हापूर दरबारानं अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली होती, त्या कामावर रुजू व्हायला त्या पोहोचल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीसही पूर्ण नव्हतं. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानात त्यांची खूण आहे.

कोल्हापूरचं ते रुग्णालय आज सीपीआर म्हणून ओळखलं जातं. आमच्याकडच्या टोळ्या जातात ते कारखाने त्याही जिल्ह्यात आहेत. तुमच्या घरातलं कुणी यंदा जोडीनं निघत असेल, आणि बाईला दिवस असतील, तर बाईचं तपासणीचं कार्ड नवऱ्याच्या खिशात द्या. तिच्या पिशवीत नको, ती कोपीतच राहते. फडावर पोहोचल्या दिवशी त्यानं जवळचा सरकारी दवाखाना आणि त्या गावची आशाताई विचारून ठेवावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट होते, त्या दिवशीचा खाडा मुकादमाला आधीच सांगून ठेवावा.