दर्याचे धनी सरखेल कान्होजी आंग्रे

आपल्या किनाऱ्याचा इतिहास सांगताना प्रथम स्मरण होते ते सरखेल कान्होजी आंग्रे यांचे. घराणे पुणे प्रांतातील आंगरवाडीचे, मूळ आडनाव संकपाळ. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. छत्रपती राजारामांच्या काळात कान्होजी मराठी आरमाराचे प्रमुख झाले आणि कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे बनले.

त्या काळी समुद्रावर परक्यांची सत्ता होती. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय आपल्याच व्यापाऱ्यांची गलबते निर्धास्त फिरू शकत नसत. कान्होजींनी हा न्याय उलटा केला. हा किनारा छत्रपतींचा, तेव्हा येथून जाणाऱ्या गलबताने आमचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. इंग्रज देशी व्यापाऱ्यांचा माल आपल्या निशाणाखाली नेऊन जकात चुकवू पाहत. खरे भांडण तेथे होते. म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले; परंतु ते राज्याचे सरखेल होते.

१७१३ साली त्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी सामोपचाराने तह घडवून आणला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानले; १० जलदुर्ग व १६ भुईकोट-डोंगरी किल्ले त्यांच्याकडे राहिले.

इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, दोन्ही फसले. १७२१ अखेर इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. शाहू महाराजांची फौज घेऊन बाजीराव पेशवे मदतीस धावले. १७२२ च्या आरंभी पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रजांना रिकाम्या हाती परतावे लागले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. पुढे भाऊबंदकी माजली. १७५६ साली पेशवे व इंग्रज यांनी मिळून विजयदुर्ग घेतला, त्यात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. परक्यांच्या तोफांना जे साधले नाही, ते घरच्या दुहीने साधले.

तरीही राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली कुलाबा किल्ल्यात बांधलेले गणेशपंचायतन आजही उभे आहे आणि ओहोटीच्या वेळी भाविक तेथे चालत जातात. अलिबागेत कान्होजींची समाधी आहे. एकोप्याने उभारलेले एकोप्यानेच टिकते, हाच त्यांच्या चरित्राचा बोध. त्या दर्यावीरास आमचे विनम्र अभिवादन!