व्यत्ययाला शिस्त लावणारा संगणकतज्ज्ञ

यंत्रावरील बटण दाबले जाते, एका बारीक पिनवरील विद्युतदाब बदलतो आणि आतली मायक्रोकंट्रोलर चिप हातातले काम तिथेच थांबवून त्या बटणाची दखल घेते. दखल घेऊन झाली की थांबलेले काम जिथल्या तिथून पुढे सुरू होते. या व्यवस्थेला 'पिन इंटरप्ट' म्हणतात. आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी ती सहज वापरतात; पण सात दशकांपूर्वी तिच्या नुसत्या कल्पनेने एक बुद्धिमान प्रोग्रामर धास्तावला होता. त्याच धास्तीतून ज्यांनी पुढे शास्त्र उभे केले, ते म्हणजे एड्स्गर डाइक्स्ट्रा.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणितज्ञ. लायडन विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकत होते. १९५१ मध्ये केंब्रिजला भरलेल्या प्रोग्रामिंगच्या उन्हाळी वर्गाला ते गेले आणि आयुष्याची दिशा बदलली. १९५२ पासून ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. हा व्यवसाय तेव्हा इतका अपरिचित होता की, १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी तो मान्यच केला नाही. डाइक्स्ट्रांना भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करून घ्यावी लागली.

त्याच सुमारास त्यांचे सहकारी ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन 'एक्स-१' या नव्या संगणकाची रचना करीत होते. टंकयंत्र, कागदी फीत यांसारखी जोडयंत्रे संगणकाच्या मानाने फार संथ असत. त्यांचे काम संपले का, हे पुनःपुन्हा तपासण्यात संगणकाचा वेळ वाया जाई. त्याऐवजी काम संपताच त्या यंत्रानेच संगणकाला हाक द्यावी, असा प्रस्ताव दोघांनी मांडला. काही अमेरिकी यंत्रांत अशी सोय आधीच आलेली होती.

डाइक्स्ट्रा मात्र हादरले. तोवरचे संगणक दर वेळी त्याच क्रमाने तेच काम करीत. त्यामुळे चूक झाली तर ती पुन्हा घडवून शोधता येई. हाक कोणत्या क्षणी येईल हेच ठाऊक नसेल, तर एकदा घडलेली चूक पुन्हा तशीच घडेल याची शाश्वती काय? या शंकेपोटी त्यांनी सुमारे तीन महिने निर्णय लांबणीवर टाकला. अखेर सहकाऱ्यांनी त्यांच्या बुद्धीची तारीफ करीत त्यांना राजी केले.

एकदा होकार दिल्यावर त्यांनी प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. वाचताना दाराची घंटा वाजली तर आपण पानात खूण ठेवून उठतो. संगणकानेही उठण्यापूर्वी नेमके काय काय जपून ठेवावे, परतल्यावर ते कसे पूर्ववत करावे आणि कोणत्या नाजूक क्षणी दार बंदच ठेवावे, याची पद्धत त्यांनी आखली. नुसत्या चाचणीवर न विसंबता ती प्रत्येक परिस्थितीत बरोबर चालेल, हे त्यांनी तर्काने तपासले. एक्स-१ च्या इंटरप्ट हाताळणीवरील या कामासाठी १९५९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्यांची धास्ती किती रास्त होती, हे आजही दिसते. आठ बिटांच्या साध्या चिपला मोठा आकडा दोन तुकड्यांत वाचावा लागतो. आकडा २५५ असताना खालचा तुकडा वाचून झाला, तेवढ्यात पिन इंटरप्टने तो २५६ केला आणि मग वरचा तुकडा वाचला, तर हाती ५११ हा कधीच अस्तित्वात नसलेला आकडा पडतो. हजार वेळा नीट चाललेला प्रोग्राम एखाद्याच वेळी असा दगा देतो. म्हणूनच असे वाचन होईपर्यंत इंटरप्ट क्षणभर रोखावा आणि इंटरप्टच्या वेळी फक्त नोंद घेऊन लगेच परतावे, अशी शिस्त विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

पुढे १९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांनी परस्परांच्या वाटेत येऊ नये, यासाठी रेल्वेच्या सिग्नलवरून नाव घेतलेली 'सेमाफोर' ही संकल्पना त्यांनी मांडली. तेथे मोजक्या सहकाऱ्यांसह उभारलेल्या कार्यप्रणालीत त्यांनी इंटरप्ट सर्वांत खालच्या थरात बंदिस्त केले. वरच्या थरांना त्यांची जाणीवही होत नसे. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही रचना कार्यप्रणालींच्या अभ्यासात पायाभूत ठरली. १९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

१९८४ ते १९९९ या काळात त्यांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. संगणकाचा हा भाष्यकार आपली टिपणे मात्र फाउंटन पेनने लिहीत असे. त्यांची संख्या तेराशेवर गेली. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथील राहत्या घरी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

नकाशावरील सर्वांत जवळची वाट शोधण्याच्या रीतीमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु अवेळी आलेल्या हाकेला ओ देऊनही हातचे काम बिघडू न देण्याची त्यांनी घालून दिलेली शिस्त, बटण दाबणाऱ्या कोणाच्याही लक्षात न येता, आजही चिपमध्ये पाळली जात आहे.